थंडीत अडकणारा चाप : आजोबांची वेब्ली

द्राक्षबाग
नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

आजोबांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला घेतलेलं वेब्ली अँड स्कॉटचं .३२ पिस्तूल घरात आहे. आजोबांनंतर वडील, वडिलांनंतर माझ्या नावावर रीतसर परवाना. वापर शून्य. कपाटात असतं, खंडेनवमीला बाहेर येतं, पूजा होते, परत कपाटात. मधल्या काळात निवडणूक लागली की ठाण्यात जमा. २०२४ साली तर लोकसभेला एकदा आणि विधानसभेला एकदा अशी दोनदा वारी झाली.

त्रास असा. चाप ओढला की घोडा पडतो व्यवस्थित, पण बोट सोडल्यावर चाप पुढे येत नाही. मागेच बसून राहतो. बोटाने पुढे ढकलावा लागतो. त्यात गंमत म्हणजे मे महिन्यात सगळं झकास असतं. मी स्वतः मे मध्ये पाहिलंय, टकाटक चालत होतं. डिसेंबर-जानेवारीत मात्र हा नाटक करतो. आम्ही निफाडकडचे, आमच्याकडची थंडी पेपरात येते हे तुम्हाला माहीत असेलच.

दुसरं, सहा खान्यांपैकी कुठल्यातरी एकाला चाप फार जड लागतो. दात-ओठ खाऊन ओढावा लागतो.

गावातला एक फिटर म्हणाला, कमान (आतली स्प्रिंग) मेली आहे, काढून दे, तापवून ताणून देतो. यूट्यूबवर पाहून घरीच खोलावं असंही मनात आहे. अनुभवी लोकांनी सांगावं.

बोलघेवडा
सहा खाने आहेत म्हणजे ते रिव्हॉल्व्हर झालं हो, पिस्तूल नव्हे.
बाकी थंडीत आमचाही चाप अडकतो, सकाळी अंथरुणातून पुढे येत नाही. हलकेच घ्या.

द्राक्षबाग
आमच्या घरात त्याला 'पिस्तूल'च म्हणतात. आजी तर 'भांडं' म्हणायची.

जुना_आर्मरर
पहिली गोष्ट, त्या फिटरला दारात उभं करू नका. कमान तापवली की तिचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं. मग ती खरंच मरेल.

दुसरी गोष्ट, खोलू नका. मी राखीव दलात आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण वेब्ली हाताखालून पुष्कळ गेल्या. हिची जात वेगळी आहे. एनफील्डच्या रिव्हॉल्व्हरला बाजूची पट्टी उघडते, आतलं सगळं ताटात वाढल्यासारखं दिसतं. वेब्लीला ती पट्टी नाही. मुठीच्या पट्ट्या काढायच्या, इंग्रजी व्ही आकाराची मोठी कमान दाबून धरून सोडवायची, मग घोडा, मग चाप, असं एकेक करून चौकटीतून बाहेर काढावं लागतं. व्ही कमान हातातून सुटली तर दोन गोष्टी होतात. एक तर ती मोडते, नाहीतर तुमच्या डोळ्याच्या दिशेने जाते. नवी कमान या देशात सहज मिळत नाही. डोळाही मिळत नाही.

आणि स्क्रू. विलायती बंदुकांच्या स्क्रूची खाच बारीक असते, कागद जाईल एवढी. आपला बाजारातला पेचकस पाचरीसारखा निमुळता, तो टोकालाच अडकतो आणि खाचेचे कान उडवतो. दोन स्क्रू चघळलेले दिसले की आम्ही ओळखायचो, मालकाने स्वतः हात साफ करून घेतलाय.

आता निदान. मला दोन प्रश्नांची उत्तरं द्या. घोडा पडताना जोरात पडतो की मरगळल्यासारखा? आणि जड जाणारा खाना दर वेळी तोच असतो की बदलतो?
हे पाहण्याआधी सिलिंडर (खान्यांचं फिरतं नळकांडं) उघडून सहाही खाने डोळ्यांनी बघा, त्यांत बोट घालून बघा. काडतुसं दुसऱ्या खोलीत. आणि उगाच पन्नास वेळा रिकामा घोडा पाडत बसू नका, या बंदुकीला ठोकायचं टोक घोड्यालाच असतं, ते तुटतं.

दहा_मीटर
काकांच्या दुसऱ्या प्रश्नासाठी सोपी युक्ती: सिलिंडरवर बाहेरून खडूने १ ते ६ आकडे लिहा. आम्ही रेंजवर शिकलेली पहिली गोष्ट ही, की 'कधीतरी होतं' हे उत्तर नाही. कधी होतं ते लिहून काढायचं. दर वेळी तोच आकडा आला तर दोष सिलिंडरच्या बाजूला, आकडा बदलत राहिला तर चापाच्या यंत्रणेत.

अभ्यासू
मुठीच्या वर, नळीवर आणि सिलिंडरवर बारीक शिक्के असतील, ते बघून सांगता का? मुकुट आणि त्याखाली बीएनपी अशी अक्षरं दिसली तर ती बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसची, म्हणजे बंदुका तपासून शिक्का मारणाऱ्या संस्थेची, १९५४ नंतरची. आजोबांच्या खरेदीशी जुळतं.

अवांतर, पण राहवत नाही. वर काकांनी एनफील्डचा विषय काढला म्हणून. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारला .४५५ पेक्षा हलकं रिव्हॉल्व्हर हवं होतं. वेब्लीने .३८ चा नमुना करून दिला. सरकारने तो नमुना ठेवून घेतला आणि जवळपास तसंच रिव्हॉल्व्हर स्वतःच्या एनफील्डच्या कारखान्यात काढलं, १९३२ साली ते सैन्यात दाखल. वेब्लीने २२५० पौंडांचा दावा लावला, शेवटी संशोधकांना बक्षिसं देणाऱ्या शाही आयोगाने १२५० पौंड हातावर टेकवले. आणि पुढे दुसरं महायुद्ध लागल्यावर रिव्हॉल्व्हरं कमी पडली, तेव्हा सरकार परत वेब्लीच्याच दारात.

बोलघेवडा
थोडक्यात, सासूने सुनेची पाककृती चोरली आणि पाहुणे वाढल्यावर परत सुनेलाच ओट्याशी उभं केलं.

टेक्सासकर
इकडे हार्डवेअरच्या दुकानात बंदुकीसाठी वेगळे सॉल्व्हंट, ब्रश, सगळं मिळतं. मी तर महिन्यातून एकदा साफ करतो. तिकडे काय मिळतं कल्पना नाही, पण डब्ल्यूडी-४० चा फवारा तरी मारून बघा.

जुना_आर्मरर
डब्ल्यूडी-४० ओल घालवायला चांगलं. नावच 'पाणी हटवणारं, चाळिसावा प्रयत्न' असं आहे. पण ते तेल म्हणून आत सोडून दिलं तर उडून जातं आणि मागे चिकट साय राहते. जुन्या घाणीवर मारलं तर घाण विरघळून अजून खोल जाऊन बसते. बाहेरून पुसायला वापरा, आत फवारू नका.

संपादक मंडळ
धागा परवानाधारक जुन्या शस्त्राच्या निगराणीपुरता आहे तोवर चालू राहील. खरेदी-विक्री, काडतुसं, बदल करणं यावरचे प्रतिसाद उडवले जातील. दोन उडवले आहेत.

द्राक्षबाग
उशीर झाला, बागेत फवारणी चालू होती. काकांच्या प्रश्नांची उत्तरं:

१. घोडा जोरात पडतो. आवाज खणखणीत.
२. खडूने आकडे लिहिले. प्रत्येक वेळी ४ नंबरच. तीन फेऱ्या केल्या, तिन्ही वेळा ४.

मुकुट आणि बीएनपी आहे. अभ्यासू साहेब, धन्यवाद, आम्हाला ती कुणाची तरी आद्याक्षरं वाटायची.

अजून एक. आज दुपारी पिस्तूल (रिव्हॉल्व्हर!) कपड्यात गुंडाळून ओसरीवर उन्हात अर्धा तास ठेवलं. चाप आपोआप पुढे यायला लागला. संध्याकाळी परत अडकला. भुताटकी आहे का?

जुना_आर्मरर
भुताटकी नाही. घोडा जोरात पडतो म्हणजे कमान जिवंत आहे. वेब्लीत एकच कमान दोन कामं करते. वरची भुजा घोड्याला मारते, खालची भुजा एका छोट्या तरफेवरून चापाला पुढे ढकलते. कमान मेली असती तर दोन्ही कामं ढिली पडली असती. इथे घोडा तंदुरुस्त आणि चाप आजारी, म्हणजे चापाच्या वाटेत काहीतरी धरतंय. घर्षण. पण ते उन्हात सुटतं कसं हे माझ्या ध्यानात येत नाही. जुनं ग्रीस वाळलं तर ते उन्हात असं चटकन सुटत नाही, अर्ध्या तासात तर नाहीच.

तेल कोणतं घालता?

वरणभात
मला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही, धागा शीर्षकामुळे उघडला. पण काकांचा शेवटचा प्रश्न वाचून हसू आलं. थंडीत घट्ट, उन्हात ठेवलं की पातळ, संध्याकाळी परत घट्ट. अहो, माझ्या बाथरूममधली खोबरेल तेलाची बाटली रोज हेच करते! डिसेंबरात गरम पाण्याच्या तांब्यात उभी करावी लागते. द्राक्षबाग दादा, तुम्ही त्याला खोबरेल तर लावत नाही ना?

द्राक्षबाग
ताई, साष्टांग नमस्कार.

लावतो. वडील लावायचे. आजोबा लावायचे. खंडेनवमीला चौरंगावर कोयते, कात्र्या, ट्रॅक्टरची चावी आणि हे. आई देवघरातल्या पळीने घाण्याचं खोबरेल घोड्याच्या फटीतून आत सोडते, 'आतून कोरडं राहू नये' म्हणून. वडील गेल्यापासून मीही तेच चालू ठेवलं. साठ वर्षं, वर्षाला एक पळी.

वरणभात
अगं बाई. चोवीस अंशांच्या खाली गेलं की खोबरेल थिजतंच. निफाडला तर तुमचं सगळंच थिजत असेल.

जुना_आर्मरर
ताई, तुम्हाला आमच्या वर्कशॉपमध्ये घ्यायला हवं होतं. तीस वर्षं मी चापाच्या आत बघत राहिलो, चापाच्या बाहेरचं थर्मामीटर कधी बघितलं नाही.

उकल झाली. चाप ज्या खिळीवर फिरतो तिथे, तरफेखाली आणि सिलिंडर फिरवणाऱ्या पॉलच्या खोबणीत ते तेल साठून राहिलंय. थंडीत मेणासारखं होतं. चापाला पुढे ढकलणारी भुजा घोडा मारणाऱ्या भुजेइतकी दांडगी नसते, ती हरते.

पण यातून ४ नंबरचा उलगडा होत नाही. तेल थिजलं तर सगळेच खाने जड व्हायला हवेत. ४ नंबरला काहीतरी वेगळं आहे.

दहा_मीटर
एक शंका. एक्स्ट्रॅक्टरचा (काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या भागाचा) तारा. सिलिंडरच्या मागच्या तोंडाला जो चांदणीसारखा भाग वर उचलला जातो, त्याच्याखाली जर कचरा बसला तर चांदणी त्या बाजूला केसभर वर राहते. सिलिंडर फिरताना तेवढी जागा मागच्या भिंतीला घासते. आमच्या रेंजवरच्या एका रिव्हॉल्व्हरला न जळलेल्या दारूचा एक कण अडकला होता आणि सगळ्यांनी चापाला शिव्या घातल्या. तुमच्याकडे दारू जळण्याचा प्रश्न नाही, पण काहीतरी असेल.

तालुक्याचा_वकील
तांत्रिक चर्चा छान. एक रुक्ष सूचना. आतली यंत्रणा परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडूनच खोलून घ्या. नेताना शस्त्र रिकामं, पेटीत, मूळ परवाना बरोबर. दुकानात ठेवून यायची वेळ आली तर शस्त्राचा क्रमांक लिहिलेली पावती घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. फिटर, वेल्डर, ओळखीचा सीएनसीवाला, यांच्या ताब्यात शस्त्र देणं हाच गुन्हा होऊ शकतो, त्यांनी हात लावो न लावो.

बोलघेवडा
अवांतर: मघापासून एक शंका. लहानपणापासून 'घोडा दाबला' असंच ऐकत आलो. इथे घोडा पडतोय आणि चाप ओढताय. दाबायचं नक्की काय?

अभ्यासू
घोडा म्हणजे मागचा, काडतुसावर डोकं आपटणारा. चाप म्हणजे बोटाखालचा. ठासणीच्या बंदुकीत घोडा बाहेर ठसठशीत दिसायचा, हाताने 'चढवायचा', म्हणून सगळं श्रेय त्यालाच. त्याच्याही आधी तोड्याची बंदूक, तिथे जळती वात दारूवर टेकवायची. 'घोडा दाबला' हे आता भाषेत रूढ आहे, पण दुरुस्तीच्या धाग्यात दोन वेगळे शब्द ठेवलेले बरे. नाहीतर द्राक्षबाग भलतंच काही खोलून बसतील.

द्राक्षबाग
मंडळी, धागा वर काढतोय. महिना झाला. जिल्ह्याच्या ठिकाणी परवानाधारक दुरुस्तीवाले आहेत, त्यांच्याकडे गेलो. वय सत्तरच्या पुढे, चष्मा दोऱ्याने बांधलेला. मी सगळी कहाणी सांगत होतो, त्यांनी मान वर न करता सिलिंडर धरून ठेवणारा स्क्रू काढला, सिलिंडर बाजूला ठेवला, सिलिंडर काढायला मोडलेली नळी परत मिटली आणि चाप ओढून बघितला, घोडा अंगठ्यावर झेलत. 'हं.' परत ओढला. 'हा जड नाही. थिजलाय, पण जड नाही.' मग सिलिंडर हातात घेऊन एक्स्ट्रॅक्टर वर उचलला आणि माझ्यापुढे धरला.

४ नंबरच्या खान्याजवळ चांदणीखाली लाल रंगाची वाळलेली खपली होती. नखाएवढी नाही, नखाच्या कापाएवढी. त्यांनी लाकडी टूथपिकने काढली. काचेवर ठेवून दाबली तर भुगा झाला. कुंकू. तेलात कालवलं गेलेलं, वर्षानुवर्षं दाबलं गेलेलं, सील करायच्या लाखेसारखं. दहा_मीटर, तुम्ही बरोबर होतात.

पुढे मुठीच्या पट्ट्या उतरवल्या. आत पिवळट सायीचा थर, त्यात हळद, कुंकू, आणि मी शपथेवर सांगतो, अक्षतेचा अर्धा दाणा. म्हातारबाबा हसले नाहीत. म्हणाले, 'बंदुकीत देव बसलाय, म्हणून तर कुणाला लागली नाही.'

कमान त्यांनी एका छोट्या शिकंज्यात धरून उतरवली, मला मागे सरकायला लावून. ती निरोगी निघाली, पुसून तशीच परत बसवली. सुटे भाग टर्पेंटाइनमध्ये. रॉकेल वापरत नाही का विचारलं तर म्हणाले, रेशनचं रॉकेल गेलं त्याला जमाना झाला, आता रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन आणतो. जुन्या टूथब्रशने घासलं, सुती कापडाने कोरडं केलं. चापाच्या टोकाला जिथे घोड्याची खाच टेकते तिथे भिंग लावून पाहिलं. मी विचारलं, हे थोडं घासून गुळगुळीत करतात ना? त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. 'करतात. मग नुसत्या धक्क्याने घोडा पडतो. मग पोलीस येतात.'

तेल शिलाई मशीनचं. चापाच्या खिळीवर सुईच्या टोकाने एक थेंब, घोड्याच्या खिळीवर एक, पॉलला एक. वर लागलेलं पुसून काढलं. साठ पळ्यांच्या जागी तीन थेंब.

जुना_आर्मरर
तुमच्या म्हातारबाबांना माझा नमस्कार सांगा. खाच घासायला नाही म्हणणारा माणूस आता मिळत नाही.

ठेवताय कशात? चामड्याच्या म्यानात असेल तर आजच बाहेर काढा. कमावलेलं चामडं ओल धरतं आणि त्यातली रसायनं पोलाद खातात. ठाण्यात जमा करताना म्यानासकट दिलं असेल तर बाजूला गंजाचे ठिपके असतील.

द्राक्षबाग
आहेत, उजव्या अंगाला, बरोब्बर म्यानाच्या शिलाईच्या रेषेत. दुसऱ्या वारीतून परत आलं तेव्हा दिसले होते, ओल लागली असेल म्हणून सोडून दिलं. आता सुती कापडात, वर सिलिका जेलच्या दोन पुड्या. म्यान वेगळं टांगलंय.

दहा_मीटर
डागांवर खरवडकाम नको. तेल लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी जाड कापडाने पुसा, तीन-चार वेळा. काळा डाग राहील, तो राहू द्या. मूळ निळसर रंग घासून गेला तर परत येत नाही.

वरणभात
सगळं झालं, पण आईंना कोणी आणि काय सांगितलं? खंडेनवमीला पळी येणारच की.

द्राक्षबाग
ताई, तोच खरा पेच होता. आई म्हणाली, तेल नाही, कुंकू नाही, मग पूजा कसली? मी अक्षतेचा दाणा पुडीत आणला होता, तो दाखवला. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, हा मी टाकलेला नाही, हा तांदूळ आंबेमोहोर आहे, आम्ही अक्षतेला कोलम वापरतो. म्हणजे आजीच्या हातचा.

तोडगा निघालाय. हळदकुंकू आता रिव्हॉल्व्हरला नाही, रिकाम्या म्यानाला. दाणा देव्हाऱ्यात.

आज पहाटे बागेत शेकोटी पेटवली होती, पारा आठ. आत येऊन खाने तपासले, चाप ओढला, बोट सोडलं. टक करून पुढे.

बोलघेवडा
वाचनखूण साठवली आहे. आता आमच्या शिवणयंत्रातही खोबरेल आहे का, हे बायकोला विचारायचं धाडस करतो.